चौतीस नंबरचा भोंगा

त्या भोंग्याला मी पहिल्यांदा चप्पल फेकून मारली तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती, आणि त्या आठ महिन्यांत मी सलग तीन तास झोपल्याचं मला आठवत नव्हतं. चप्पल लागली नाहीच. खांब आमच्या गॅलरीपासून चांगला लांब, आणि नेमाच्या बाबतीत मी लहानपणापासून दळभद्री. चप्पल खाली गाड्या लावायच्या जागेत पडली. दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या आजी ती धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन्ही हातांनी मला द्यायला वर आल्या. कुठून पडली, का पडली, एका शब्दाने विचारलं नाही. "आज वारा फार आहे," एवढंच म्हणाल्या. वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

नवऱ्याला जपानमधल्या एका लहानशा शहरात, नदीकाठच्या एका संशोधन संस्थेत फेलोशिप मिळाली होती. पुण्याहून आम्ही आलो ते पोटातल्या पोरीसकट. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. कोबेच्या भूकंपाला वर्षच झालं होतं आणि त्याची धास्ती लोकांच्या बोलण्यात अजून ताजी होती. आमच्या नगरपालिकेनेही गल्लोगल्ली भोंग्यांचे नवे खांब उभे केले. त्यातला एक आमच्या दुमजली इमारतीच्या बरोबर समोर. खांबाच्या डोक्यावर चार दिशांना चार कर्णे, आणि त्यातला एक थेट आमच्या झोपायच्या खोलीवर रोखलेला. खांबावर आकडा होता चौतीस.

हा नगरपालिकेचा रेडिओ. आपल्याकडे रेडिओ म्हणजे आपण लावायचा आणि आपणच बंद करायचा. हा तसला नव्हता. सकाळी सातला घंटा, दुपारी बाराला सायरन, संध्याकाळी पाचला पोरांनी घरी जावं म्हणून एक रडकी धून. मधल्या वेळात बातम्या. अमुक गल्लीत पाणी बंद. करडी टोपी घातलेले एक आजोबा सकाळपासून सापडत नाहीत. टेकडीखाली रानडुक्कर दिसलं, पोरांना सांभाळा. बाई बोलायची ते एकेक शब्द तोडून, मध्ये भलंमोठं थांबून, कारण एका खांबाचा आवाज दुसऱ्या खांबाच्या आवाजावर आपटतो आणि घाईने बोललं तर सगळा गोंधळ होतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, ही बया मुद्दाम माझा अंत बघतेय.

पोरगी पोटदुखीने रडायची. दोन दोन तास खांद्यावर टाकून फिरवावं, तेव्हा कुठे साडेअकराला डोळा लागायचा. आणि बाराला सायरन! ती अशी दचकायची की दोन्ही हात हवेत. मग पुन्हा तेच. चारला झोपवावं, पाचला धून. मी दात ओठ खात गॅलरीत जायची आणि मराठीत अर्वाच्य शिव्या द्यायची. मेल्या, मुडद्या, तुझं तोंड जळो! खालून जाणारे लोक मान लववून नमस्कार करायचे. त्यांना वाटायचं, परदेशी बाई शुभेच्छा देतेय.

घरात तर रोज लढाई. एकदा मी नवऱ्याला स्टीलची ताटली फेकून मारली. त्या वेळी मात्र नेम लागला. भुवईवर खोक पडली. संस्थेत त्याने कपाटाचं दार लागलं असं सांगितलं.

"अगं, शहराचा रेडिओ आहे तो," तो म्हणाला. कापसाचा बोळा कपाळावर धरून बसला होता बिचारा. "तो मी कसा बंद करू?"

"मग मी काय करू? पोरीला मारू?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

काहीतरीच नव्हतं ते. पुढच्याच आठवड्यात, एका दुपारी बाराच्या सायरनने ती उठली, आणि मी तिला मारलं. मांडीवर. एक चापट नाही, तीन. मग दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं आणि ओरडले, "झोप! झोप! झोप!" तिची मान मागे गेली आणि रडणं एकदम थांबलं. तो थांबलेला क्षण मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मग तिने श्वास घेतला आणि हंबरडा फोडला. मी तिला गादीवर ठेवून न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि स्वतःचा हात चावला. दाताचे वळ चार दिवस होते. तिच्या मांडीवरची बोटं मात्र संध्याकाळपर्यंत गेली. नवरा घरी यायच्या आत गेली, याचं मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

असं त्या एका दिवसापुरतंच झालं असतं तर मी म्हटलं असतं, झालं गेलं. पण महिनाभरात आणखी दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं त्याच पावली मी पोरीला पाठीशी बांधलं आणि नगरपालिकेत गेले.

तिसऱ्या मजल्यावर त्या रेडिओचं ऑफिस. काउंटरवर पन्नाशीचा एक गृहस्थ, शर्टाच्या बाह्यांवर काळी कापडी आवरणं चढवलेली. माझं जपानी तेव्हा भाजी आणि कचरा टाकायच्या वारांपुरतं. तेवढ्यात मी जे काही सांगितलं ते ओरडून सांगितलं. झोप नाही. बाळ. भोंगा. मी वेडी होणार. काउंटरवर मूठ आपटली, त्यांचा पेनांचा डबा खाली पडून पेनं सांडली. अख्खं ऑफिस उभं राहिलं. ते गृहस्थ काउंटरच्या बाहेर आले, पेनं गोळा केली, आणि मलाच वाकून म्हणाले की आमच्या आवाजाचा तुम्हाला त्रास झाला, माफ करा.

मग त्यांनी मला भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यांना त्या नकाशाचा फार अभिमान असावा. इथे, या काचेच्या खोलीत माईक आहे, ते आईबापांचं स्टेशन. टेकडीवर मधलं स्टेशन, ते आवाज पलीकडच्या खोऱ्यात नेतं. आणि या सगळ्या लाल टिकल्या म्हणजे खांब, म्हणजे लेकरांची स्टेशनं. खरंच तसंच म्हणतात ते, आईबाप आणि लेकरं. अग्निशमनाच्या गाड्यांत फिरती स्टेशनं. आणि जिथे खांबाचा आवाज पोचत नाही तिथे घरात ठेवायची, तेच सगळं बोलणारी पेटी. हे सगळं ते माझ्यासारख्या पिसाळलेल्या बाईला शांतपणे बोट ठेवून ठेवून सांगत होते. मला काय करायचं होतं त्याचं! मी म्हटलं, चौतीस नंबर बंद करा.

बंद होणार नव्हता. पण चारपैकी आमच्याकडचा कर्णा भातशेतांकडे वळवता आला असता, आवाजही उतरवता आला असता. त्यासाठी एक फॉर्म होता. त्या कर्ण्याच्या टप्प्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी संमतीचा शिक्का मारायचा. तिथे सही चालत नाही, प्रत्येकाचा आडनावाचा छोटा गोल शिक्का असतो. एकाने जरी नाही म्हटलं तरी कर्णा तसाच. आणि कर्णा वळवला तर अर्ज करणाऱ्या घराला पेटी फुकट.

त्या टप्प्यात फक्त आमची इमारत, आणि इमारतीत चार बिऱ्हाडं. वर आम्ही आणि शेजारी कारखान्यात जाणारं जोडपं. खाली एक ट्रकवाला, जो फक्त रविवारी उगवायचा, आणि आजी. जोडप्याने न वाचता शिक्का मारला. ट्रकवाल्याने "बरं होईल" म्हणून मारला. राहिल्या आजी.

आजी म्हणजे सत्तरीच्या पुढची एकटी बाई. मुलगा लांबच्या शहरात. एका कानाने ठार बहिऱ्या, दुसऱ्याने अर्ध्या. मी तिला मराठीत आजी म्हणायची, आणि तिला तो शब्द इतका आवडला की दार वाजवून स्वतःच म्हणायची, "आजी आली." पाचची धून वाजली की ती बाहेर येऊन वाळत घातलेले कपडे काढायची आणि भाताचं भांडं लावायला आत जायची. घराबाहेरच्या आवाजांतला तो भोंगाच तेवढा तिच्या बऱ्या कानात शिरायचा. हे मी रोज गॅलरीतून बघत होते. मला माहीत नव्हतं असं नाही.

तिने फॉर्म भिंगाखाली धरून सगळा वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी दारात पोरीला घेऊन उभी.

"आजी, चालेल ना तुम्हाला?"

तिने मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. पोरीच्या मांडीवरून हात फिरवला. मग कापडी बटव्यातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि चौकटीत अगदी सरळ मारला. "बाळ झोपेल," ती म्हणाली.

चार दिवसांत माणसं आली आणि कर्णा फिरवून गेली. बाई गं, काय ती झोप! पोरगी दुपारी दोन दोन तास झोपायला लागली आणि तिच्याशेजारी मीही. मी माणसात आले. नवऱ्याशी बोलायला लागले, पोळ्या लाटायला लागले. पोरीवर पुन्हा हात उचलला नाही. पेटी आली होती, पांढरी, तांबड्या दिव्याची. ती तर घरातल्या घरात खेकसायची, भोंगा परवडला. दुसऱ्याच दिवशी मी तिचा प्लग काढला, आतले सेल काढून पाळण्यावरच्या फिरत्या खेळण्यात घातले, आणि पेटी जुन्या टॉवेलात गुंडाळून गाद्यांच्या कपाटात कोंबली. नवऱ्याला सांगितलं नाही. ती पेटी मी खाली आजींना नेऊन देऊ शकले असते. एक जिना उतरायचा होता. सुचलंच नाही मला.

आजींचे कपडे आता कधीकधी अंधार पडेपर्यंत दोरीवर असायचे. मी वरून हाक मारायची, कधी लक्षात आलं तर.

सप्टेंबरात वादळ आलं. सकाळी नवरा संस्थेत गेला तेव्हा नुसता पाऊस होता. अकरापर्यंत गाड्या बंद, फोन बंद, वीज बंद. वारा इमारतीला लाथा घालत होता. कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडत आला आणि आमच्या गॅलरीच्या कठड्यावर आपटून पुढे गेला. समोरच्या घराची कौलं एकामागून एक सुटून रस्त्यावर फुटत होती. पोरीला छातीशी धरून मी खोलीच्या मधोमध बसले होते. दर खेपेला काच आतल्या बाजूला फुगल्यासारखी वाटायची. त्या गदारोळात मला एकच गोष्ट जाणवली नाही, आणि ती म्हणजे भोंगा. मी त्याला ऐकायचं विसरूनच गेले होते.

दुपारी दोनच्या सुमारास वारा जरा खाली बसला. मी खिडकीशी गेले. रस्ता नव्हता. तपकिरी पाणी होतं, आणि त्यात ट्रकवाल्याची छोटी गाडी गोल गोल फिरत इमारतीच्या भिंतीला धडका देत होती. नदीने बांध फोडला होता. पुढच्या गल्लीत सगळी दारं बंद, कुणी नाही. ते सगळे केव्हाच शाळेत गेले होते. त्यांना त्यांच्या खांबांनी सांगितलं होतं.

आणि माझ्या कपाळात गेलं. आजी!

पोरीला पाळण्यात टाकलं, चारी बाजूंनी गाद्या खोचल्या. ती किंचाळत होती. स्वयंपाकघरात हाताला लागेल ते जड उचललं, तो पुण्याहून आणलेला पाच लिटरचा कुकर. बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून खाली उतरले तर शेवटच्या चार पायऱ्या पाण्यात. पाणी कमरेला लागलं, गार आणि घाण. रॉकेलचा वास येत होता. आजींचं दार बाहेर उघडणारं, पाण्याने दाबून धरलेलं, इंचभर हलेना. "आजी! आजी!" मी दारावर कुकर आपटत होते. आतून कुठेतरी खूप बारीक आवाज आला.

भिंतीला धरून मागच्या बाजूला गेले. वादळ म्हणून तिने पत्र्याचं सरकतं शटर शिस्तीत ओढून घेतलं होतं. त्यावर मी कुकर घातला. किती वेळा ते मला माहीत नाही. कुकरचा दांडा तुटला, मग भांडंच दोन्ही हातांनी धरून घातलं. मी शिव्या देत होते, रडत होते. पत्रा वाकून खाचेतून निसटला तेव्हा त्याच्या मागची काच मी फोडली, आणि पाण्याबरोबर मीही आत पडले. काचेने डावा तळवा मनगटापर्यंत उघडला. तेव्हा काही कळलं नाही.

आत अंधार होता. ततामीच्या चटया उचलून आल्या होत्या, पाण्यावर तरंगत एकमेकींवर आदळत होत्या. कपड्यांचं कपाट आडवं झालेलं, आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये अडकून बसलेली आजी. पाणी हनुवटीला. तोंड वर करून श्वास घेत होती. मला बघून काय म्हणाली असेल? "बाळ कुठे आहे?"

मी कपाटाला खांदा दिला, हललं नाही. पाण्याखाली जाऊन लाथा मारल्या. मग तिच्या काखेत हात घालून ओढलं, ती निसटली, गटांगळी खाल्ली. मग मी तिचे केस धरले. पांढरे, विरळ केस. मुठीत गुंडाळले आणि सगळा जीव लावून ओढले. तिच्या खांद्यात काड असा आवाज झाला आणि ती सुटली. ती ओरडलीसुद्धा नाही. कशी तिला बाहेर काढली, कशी जिन्यावर चढवली, ते तुकड्या-तुकड्यांत आठवतं. माझं रक्त तिच्या सगळ्या अंगावर होतं.

वर आणून तिला गादीवर निजवलं. ती थंडीने थडथड उडत होती, गढूळ पाणी ओकत होती. उजवा हात लोंबत होता. पोरगी रडून रडून निळी पडलेली. मी तिला आजींच्या शेजारी ठेवलं, माझ्या हाताला ओढणी बांधायची होती म्हणून. तर आजी डाव्या हाताने तिला थोपटायला लागली. "योशी, योशी," म्हणत, म्हणजे उगी, उगी. पोरगी गप्प झाली.

अग्निशमनाची बोट यायला बराच वेळ लागला. त्याआधी वारा पुरता पडला, आणि त्या शांततेत मला तो ऐकू आला. चौतीस नंबर. वीज गेली तरी खांबाच्या पोटात बॅटऱ्या असतात. तो आमच्याकडे पाठ करून, पाण्याखाली गेलेल्या भातशेतांना सांगत होता. नदीचं. पाणी. वाढत आहे. शाळेच्या. दुसऱ्या. मजल्यावर. जावं. एकेक शब्द, मध्ये थांबून, कुणी चुकू नये म्हणून. सकाळपासून सांगत असणार. मी स्वतःच्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. आजींनी माझा हात धरला. त्या बोटांत जोर असा नव्हता, पण मी थांबले.

आजी हॉस्पिटलात नऊ दिवस होत्या. खांद्याचं हाड जुळलं असतं, पण छातीत घाण पाणी गेलं होतं. न्यूमोनिया झाला. दहाव्या दिवशी गेल्या.

महिन्याभराने तिचा मुलगा आमच्याकडे आला. काळा सूट, हातात बांधलेला मिठाईचा डबा. दारातच गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकलं. आईमुळे तुम्हाला फार त्रास झाला, म्हणाला. हात कापला तुमचा. तुमचे उपकार. माझ्या हाताला अजून पट्टी होती. मला वाटलं, या माणसाने उठून माझं नरडं धरावं. ओरडावं, निदान डबा फेकून मारावा. मला तेवढंच कळतं, कुणी मारलं की आपणही मारायचं.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. माझं मोडकंतोडकं जपानी, पण एवढं सांगायला पुरलं. भोंगा मी फिरवला. माझ्यामुळे तिला ऐकू आलं नाही. पेटी माझ्याकडे होती, मी सेल काढले. तुमची आई मी मारली.

त्याने कोटाच्या खिशातून एक पत्र काढलं. आईने ऑगस्टमध्ये पाठवलेलं, म्हणाला. मला वाचता येणार नाही हे ओळखून त्याने हळूहळू वाचून दाखवलं, एकेक वाक्य, मध्ये थांबून.

भोंगा वळवल्यापासून पाच वाजल्याचं कळत नाही, कपडे दोरीवरच राहतात. पण वरच्या घरात आता बाळाला मारल्याचा आवाज येत नाही. ती मुलगी वाईट नाही, थकली होती. मी शिक्का दिला ते बरं झालं.

पत्राची घडी घालून त्याने खिशात ठेवलं. माझी पोरगी रांगत येऊन डब्याच्या गाठीशी खेळायला लागली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा कपाळ जमिनीला टेकलं.